भाऊंच्या सुऱ्या

‘‘हात नका लावू. पाहा फक्त.’’

भाऊंच्या घरी गेलेल्या प्रत्येकाने हे वाक्य ऐकलेलं आहे. तुम्ही गेला असतात तर तुम्हालाही ऐकावं लागलं असतं, तेही चहा यायच्या आधी. पुढच्या खोलीतल्या काचेच्या कपाटासमोर ते पाहुण्याला उभं करत, गळ्यातल्या किल्लीने कपाट उघडत, खिशातून धुतलेला रुमाल काढत आणि त्या रुमालात धरून एकेक सुरी बाहेर काढत. पाहुण्याचा हात आपसूक पुढे झाला की भाऊ सुरी छातीशी घेत. ‘‘घाम राहते हाताले. पोलादावर डाग पडते.’’ एकदा मी म्हटलं, भाऊ, सुरी हातात धरायलाच करतात ना? तर मी देवघरात चपला घालून शिरल्यासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

आधीच सांगून टाकते, गेलेल्या माणसाचं गुणगान करायला मी बसलेली नाही. मी या माणसाशी वर्षानुवर्षं भांडले आणि माझा राग अजून गेलेला नाही. धरमपेठेतल्या एका पतसंस्थेत ते मला वरिष्ठ होते आणि नंदनवनात आमच्या घरांची भिंत एकच होती. म्हणजे दिवसा ऑफिसात भाऊ, संध्याकाळी फाटकाशी भाऊ. सुटका नव्हती.

नाद एकच. हाताने घडवलेल्या सुऱ्या. कारखान्यातली सुरी ते सुरी मानत नसत आणि मिटणारा चाकू तर त्यांच्या दृष्टीने खेळण्यातला. ‘‘बिजागरी आली की गद्दारी आली,’’ असं म्हणत. पातं मुठीच्या शेवटापर्यंत एकसंध गेलेलं पाहिजे, मुठीच्या दोन फळ्या त्यावर पिनांनी ठोकलेल्या पाहिजेत, मगच ती वस्तू कपाटात जायची. कोणाची मूठ शिसवीची, कोणाची बाभळीच्या गाठीची, कोणाची उंटाच्या हाडाची. एकीच्या पात्यावर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी होती. ती मात्र मलाही आवडायची. हे मी त्यांना कधी कळू दिलं नाही.

आणि नवी सुरी मागवायची म्हणजे काय, ते आमच्या ऑफिसला विचारा. भिवापूरच्या रस्त्याला शेड टाकून बसलेला एक कारागीर होता, तो ऑर्डरीप्रमाणे घडवून द्यायचा. तो बिचारा फोनवर फोटो पाठवायचा आणि भाऊ जेवणाच्या सुट्टीत तो फोन टेबलावर सगळ्यांच्या डब्यांमध्ये उभा करायचे. पिन पितळेची घ्यावी की तांब्याची? मूठ आणि पात्याच्या मध्ये लाल पट्टी द्यावी की काळी? पातं आरशासारखं घासावं की हातोड्याच्या खुणा तशाच राहू द्याव्यात? म्यान कमरेला उभं लटकावं की आडवं? आडवं कोणाच्या कमरेला लटकणार होतं, देव जाणे. भाऊ कमरेला मोबाईलसुद्धा लावत नसत. लोक आधी हौसेने मत द्यायचे, मग कंटाळायचे, मग डबा घेऊन दुसऱ्या टेबलाला जायचे. मी एकटी उरायचे, कारण मला भांडायचं असायचं.

‘‘लाल पट्टी द्या न, भाऊ. काय फरक पडून राहिला?’’

‘‘तुले नाही समजणार वं. लाल दिली तं तांबं मार खाते.’’

म्हणजे काय, ते मला आजही समजलेलं नाही. एका लाल पट्टीवर या माणसाने पोळ्यापासून दिवाळीपर्यंत विचार केलेला मी पाहिला आहे. कर्जाच्या फायलीवर त्यांनी कधी इतका विचार केला नाही.

इथवर हसण्यासारखं होतं. मीही हसत होतेच. मग वहिनींचे गुडघे गेले.

वहिनी म्हणजे भाऊंची बायको. बाई कमी बोलणारी. सगळं आयुष्य विळीवर बसून भाजी चिरली. हातात दोन वांगी घेतली की बोलता बोलता ताट भरायचं, आणि तुकडे असे सारखे की एक उचलून दुसऱ्याच्या जागी ठेवावा. डॉक्टरांनी सांगितलं, जमिनीवर बसणं बंद. विळी ओट्यावर ठेवून पाहिली, ती सरकायची. मग त्यांनी आठवडी बाजारातून हिरव्या प्लास्टिकच्या मुठीची एक सुरी आणली. ती सुरी म्हणजे पत्र्याची पट्टी होती. धार म्हणायला तिच्यात काही नव्हतंच.

एका संध्याकाळी मी मागच्या दाराने साखर मागायला गेले. वहिनी ओट्याशी उभ्या राहून कोहळं फोडत होत्या. त्यांनी हिरवी सुरी कोहळ्यात खुपसली होती आणि तिच्या पाठीवर वरवंट्याने ठोकत होत्या. कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरला होता. आणि पुढच्या खोलीत, दार उघडं, अगदी समोर, नवरा खुर्चीत बसून शिलाई मशीनच्या तेलाने सुऱ्या पुसत होता.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

‘‘भाऊ, त्यातली एक द्या इकडं.’’

‘‘कशाले?’’

‘‘वहिनींना कोहळं कापायला.’’

‘‘अवं, वेडी झाली काय? कार्बनचं पोलाद हाय ते. कोहळ्याचं पाणी लागलं तं काळं पडते.’’

‘‘पडू द्या न काळं!’’

‘‘राहू दे वं,’’ वहिनी म्हणाल्या. ‘‘झालंच हाय माह्यं.’’ आणि पुन्हा ठोकायला लागल्या.

तुम्ही सांगा, याला काय म्हणायचं? शहरातल्या सगळ्यात चांगल्या सुऱ्या ज्या घरात, त्या घरातली बाई पत्र्याने भाजी तोडते. मी साखर न घेता घरी आले. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत, भाऊ फोन उभा करत होते तेव्हा, मी सगळ्यांसमोर ते कोहळ्याचं सांगितलं. वरवंट्यासकट सांगितलं. कोणी हसलं नाही. भाऊंनी फोन आडवा केला, डबा बंद केला आणि ते उठून गेले. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

नंतर काही दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. मग एके दिवशी टेबलापाशी येऊन म्हणाले, ‘‘तुह्या वहिनीसाठी मागवली. चिरायची सुरी. आता झालं तुह्यं समाधान?’’

झालं. इतकं झालं की मी घरून पेढे नेले. इथे मी चुकले, कारण मी विचारलं नाही की वहिनींना काय हवं ते तुम्ही विचारलं का.

सुरी आली त्या दिवशी भाऊंनी मला मुद्दाम बोलावलं. देवापुढे ठेवून हळदकुंकू लावलं. रुमाल बाजूला ठेवून, पहिल्यांदाच, दुसऱ्याच्या म्हणजे वहिनींच्या हातात दिली. आणि सुरी पाहून माझाही राग निवला, इतकी देखणी. पात्यावर ती पाण्याची नक्षी. काळसर शिसवीची मूठ, एका अंगाने फुगीर, म्हणजे उजव्या तळव्यात बरोबर भरावी अशी. मुठीच्या पुढच्या टोकाला पितळेची जाड टोपी. आणि भाऊ छाती फुगवून सांगत होते, ‘‘धार एकाच बाजूनं दिली हाय. दुसरी बाजू सपाट. बटाट्याचा काप असा पातळ पडते की वर्तमानपत्र वाचून घ्या त्याच्यातून.’’

वहिनींनी बटाटा घेतला. सुरी आत शिरली आणि तिरकी पळाली. एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला काहीच नाही, असा पाचरीसारखा काप पडला. दुसरा तसाच. तिसऱ्याला पितळेच्या वजनाने मनगट कलंडलं आणि सुरी चिरायच्या पाटावर आपटली. भाऊ बोलले.

‘‘अशी नाही पकडत, आण इकडं.’’ त्यांनी स्वतः काप पाडला. खरंच वर्तमानपत्र वाचता येईल असा पडला. ‘‘पाहिलं? सुरीत खोट नाही. तुले पकडताच नाही येत.’’

वहिनींनी पुन्हा सुरी घेतली आणि मला तेव्हा दिसलं. इतकी वर्षं शेजारी राहून मलाही तेव्हाच दिसलं. विळीवर भाजी दोन्ही हातांनी धरून पात्यावर रेटायची असते. तिथे कोणता हात चिरतो आणि कोणता धरतो, कळतच नाही.

‘‘भाऊ,’’ मी म्हटलं, ‘‘वहिनी डावखुऱ्या आहेत.’’

‘‘हॅट. उजव्या हातानं जेवते ती.’’

‘‘जेवाले बापानं मारून मारून शिकवलं,’’ वहिनी म्हणाल्या. ‘‘वाढाले सासूनं शिकवलं. चिरताना कोन पाहते?’’

आता इथे एखादा माणूस खाली बसला असता. डोक्याला हात लावला असता. हा माणूस उलटा तिच्यावरच ओरडला. ‘‘लग्नाले तीस वर्षं झाली, सांगितलं काहून नाही?’’

‘‘तुम्ही इचारलं काहून नाही?’’

वहिनींचा आवाज मी पहिल्यांदा चढलेला ऐकला. ‘‘पितळ पाहिजे का तांबं, हे त्या भिवापूरवाल्याले रोज इचारता. ऑफिसच्या लोकायले इचारता. मले कधी इचारलं, तुले कशी पाहिजे?’’

भाऊ पुढच्या खोलीत गेले आणि तेलाची बाटली काढून बसले. मी त्यांच्यामागे गेले आणि जे मनात होतं ते सगळं बोलले. तुम्ही सुऱ्या जमवता, पण तुम्हाला हात दिसत नाहीत, असंही बोलले. ते पातं पुसत राहिले. भिंत एकच असल्यामुळे पुढचं भांडणही मला ऐकू आलं. त्यात बराच वेळ फक्त वहिनी बोलत होत्या.

मग जे झालं ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं म्हणून सांगते, नाहीतर मीही विश्वास ठेवला नसता. पुढच्या सोमवारी जेवणाच्या सुट्टीत भाऊंनी कारागिराला फोन लावला आणि म्हणाले, ‘‘नवी करायची हाय. नाही, नाही, माह्यासाठी नाही. मूठ कशी? थांबा, इचारून सांगतो.’’

त्यांनी घरी फोन लावला. आमच्या टेबलावरचे सगळे चमचे थांबले.

आणि वहिनी काही साध्या गिऱ्हाईक निघाल्या नाहीत. भाऊंनी आयुष्यभर त्या कारागिराला छळलं होतं ते काहीच नव्हतं. पितळ नको, जड होते. नक्षी नको, घासताना हात लावायची भीती वाटते. धार दोन्ही बाजूंनी सारखी द्या, म्हणजे पोरगी सासरहून आली तर तिलाही वापरता येईल. मूठ चमकती नको, कणकेच्या हाताने निसटते. कारागिराने साध्या लाकडाच्या नमुन्याच्या मुठी करून पाठवल्या. वहिनींनी एकेक मूठ ओल्या हाताने धरून पाहिली, तेलाच्या हाताने धरून पाहिली आणि सगळ्या परत पाठवल्या. पुन्हा नव्या आल्या. पुन्हा परत. कारागीर फोनवर ओरडायचा आणि भाऊ, जे स्वतः एका लाल पट्टीसाठी त्याचा जीव खायचे, ते त्याला समजावायचे, ‘‘गड्या, चिडू नको. तिचा हात हाय, तिले समजते.’’

‘‘थांबा, इचारून सांगतो,’’ हे वाक्य त्या दिवसांत ऑफिसमध्ये इतकं चाललं की शिपायापासून मॅनेजरपर्यंत सगळे एकमेकांना तेच म्हणायचे. भाऊंना राग येत नसे. उलट मोठ्या अभिमानाने सांगत, ‘‘आज चौथी मूठ नाकारली तिनं. म्हणे मूठ आखूड हाय, करंगळी उपाशी राहते. करंगळी उपाशी! मले सुचलं असतं काय गा कधी?’’

आणि ते स्वयंपाकघरात बसायला लागले. खुर्ची घेऊन, ओट्याशेजारी. वहिनी माझ्याकडे तक्रार करायच्या, ‘‘हा माणूस काही कामाचा नाही वं. लसूण सोलून दे म्हटलं तं ते नाही. नुसता बसून राहते अन् पाहून राहते.’’ तक्रार करताना चेहरा मात्र तक्रारीचा नसायचा. मी मनात म्हणायचे, चला, अक्कल आली. उशिरा का होईना, आली. तरी माझा राग होताच. तीस वर्षं उलटून गेल्यावर आलेल्या अकलेचं कौतुक मी का करावं?

शेवटी एक मूठ वहिनींनी पसंत केली. कारागीर म्हणाला, आता वाट पाहा, हातात आधीची कामं आहेत.

मे महिन्यात भाऊ सकाळी दूध आणायला गेले आणि दुधाच्या दुकानापाशीच कोसळले. दवाखान्यात पोहोचेपर्यंत संपलं होतं. मला कोणीतरी फोन केला तेव्हा माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो ‘‘मूर्ख’’. कोणाला म्हटलं ते मलाही माहीत नाही.

तेरवीला त्यांच्यासारखाच सुऱ्यांचा नाद असलेला एक गृहस्थ आला होता. जेवून, हात धुऊन तो कपाटासमोर उभा राहिला. ‘‘वहिनी, मनात दुसरं काही आणू नका, पण यांचं तुम्ही काय करणार? बायकांना यातलं काय समजणार? मी घेऊन जातो, नीट सांभाळीन.’’ वहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांच्या वतीने मी उत्तर दिलं. ते इथे लिहिता येणार नाही. तो गेला तेव्हा त्याची एक चप्पल उलटी पायात होती.

थंडी पडायला लागल्यावर कारागीर आला. कुरिअरने न पाठवता स्वतः आला, भिवापूरहून एसटीने. मला वहिनींनी भिंतीवर थाप मारून बोलावलं. तो वेताच्या मोड्यावर अंग चोरून बसला होता. त्याने पिशवीतून कागदात गुंडाळलेली सुरी काढून वहिनींच्या पुढे ठेवली. साधी, राखाडी पात्याची, फिकट लाकडाच्या मुठीची. कपाटातल्या सुऱ्यांशेजारी ठेवली असती तर कोणी दुसऱ्यांदा पाहिली नसती.

वहिनींनी डाव्या हाताने ती उचलली आणि ओट्याकडे गेल्या. सांभाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी घेतली. सुरी अशी चालली की मला फक्त पाटावरचा आवाज ऐकू येत होता आणि वास येत होता. मग एकदम थांबली. वहिनींनी सुरी उलटी केली आणि पात्याच्या पाठीवरून, म्हणजे चिरताना जिथे पहिलं बोट टेकतं तिथून, बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं.

‘‘ही पाठ अशी गोल काहून केली? मी नव्हतं सांगितलं.’’

‘‘साहेबांनी सांगितलं, बाई,’’ कारागीर म्हणाला. ‘‘त्यांचा शेवटचा फोन तोच होता. बोलले, तिच्या डाव्या बोटाले घट्टा पडला हाय, सुरीची पाठ रुतते तिथं. कोर मोडून टाक. अन् बोलले, तिले नको सांगू. हातात घेतल्यावर तिचं तिलेच समजू दे.’’

वहिनींनी आपलं बोट उजेडात धरलं. मीही पाहिलं. पेराच्या आतल्या बाजूला डाळीएवढा कडक, पिवळट घट्टा होता. मी त्या बाईच्या हातचं इतकी वर्षं खाल्लं आणि मला तो कधी दिसला नव्हता.

‘‘घट्टा दिसला याले,’’ वहिनी म्हणाल्या. आवाज हळूहळू वर चढत गेला. ‘‘दिसला तं मले म्हणाला काहून नाही? हात हातात घेऊन इचारता येत नव्हतं, दुखते काय म्हणून? त्या भिवापूरले फोन करते, अन् मी दोन हातावर उभी राहतो तं मले नाही सांगत? आत्ता कुठं इचाराले लागला होता वं. आत्ता कुठं!’’

कारागीर उठून उभा राहिला. मी त्याला खुणेने बसवलं.

वहिनी पुन्हा वळल्या. सांभार संपला होता. त्यांनी कांदे घेतले. मग टोपलीतली वांगी, मग मेथी, मग फ्रिजमधला फ्लॉवर, जे हाताला लागेल ते. डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि तोंडाने भाऊंना शिव्या चालू होत्या, आणि सुरी कुठेही अडखळत नव्हती, बोटाला कुठेही रुतत नव्हती. ताट भरलं, परात भरली, मग पातेली निघाली. खाणारं त्या घरात एकच माणूस उरलं होतं.

मी थांबवायला पुढे झाले नाही. मी भरलेली पातेली उचलून बाजूला ठेवत होते आणि रिकामी पुढे सरकवत होते. भाऊंचा इतका राग मला ते जिवंत असताना कधीच आला नव्हता.